सुरक्षित गाडी हरली तेव्हा

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा एकाच विषयावर पावणेदोन तास अडली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबानं विजेवर चालणारी कार बुक केली होती आणि तळघरातल्या आपल्या पार्किंगच्या जागेत चार्जर बसवायची परवानगी मागितली होती. "रात्री पेट घेतला तर?" हा पहिला प्रश्न. "कोल्हापूरला जाताना मध्येच चार्जिंग संपलं तर?" हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचा सोसायटीशी काडीचाही संबंध नव्हता, पण सगळ्यांत जास्त वेळ त्याच्यावरच गेला. मी कमिटीवर आहे. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवावा, यासाठी वर गेलेल्या हातांत माझाही हात होता.

जिना चढताना लक्षात आलं की त्याच तळघरात पेट्रोलच्या चाळीसेक गाड्या उभ्या आहेत आणि प्रत्येकीच्या टाकीत काही लिटर अत्यंत ज्वालाग्राही द्रव आहे. त्यांच्यासाठी कुणी कधी ठराव मांडल्याचं मला आठवत नाही. त्यांची भीती वाटायची आपल्याला सवयच राहिलेली नाही. मग ही सवय नेमकी कधी आणि कशी मोडली, हे शोधायला बसलो, आणि मागे जाता जाता सव्वाशे वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कला पोचलो.

* * *

१३ सप्टेंबर १८९९. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला, चौऱ्याहत्तराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर हेन्री ब्लिस नावाचे गृहस्थ ट्रॅममधून खाली उतरले आणि एका टॅक्सीखाली सापडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. अमेरिकेत मोटारीनं घेतलेला हा नोंदलेला पहिला बळी. चालकाला अटक झाली, मनुष्यवधाचा आरोपही ठेवला गेला, पण त्यात हेतू नव्हता म्हणून तो सुटला. ती टॅक्सी विजेवर चालणारी होती.

त्याच वर्षी २० मे रोजी, त्याच शहरात जेकब जर्मन नावाच्या टॅक्सीचालकाला सायकलवरच्या एका पोलिसानं पाठलाग करून पकडलं. गुन्हा काय, तर लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर त्यानं ताशी बारा मैलांच्या वेगानं गाडी हाकली. मर्यादा होती आठ मैलांची. अतिवेगासाठी अमेरिकेत झालेली पहिली अटक म्हणून ती ओळखली जाते. त्याचीही गाडी विजेचीच. त्याच्या दोन वर्षं आधी, १० सप्टेंबर १८९७ ला लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ या टॅक्सीचालकानं दारूच्या नशेत न्यू बाँड स्ट्रीटवरच्या एका इमारतीवर गाडी घातली. त्याला दंड झाला. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल ब्रिटनमध्ये शिक्षा झालेला हा पहिला माणूस. गाडी? पुन्हा विजेची.

या तीन घटना एका ओळीत ठेवल्या तर विजेच्या गाडीइतकी घातकी वस्तू दुसरी नाही असं वाटेल. खरं कारण साधं आहे. त्या काळी शहरातली मोटार-टॅक्सी म्हणजे विजेचीच गाडी असायची. रस्त्यावर जे जास्त धावतं, त्याचेच अपघात आधी होतात. आणि ती धावत होती, कारण त्या वेळच्या जाणत्या लोकांच्या मते मोटारींमध्ये सगळ्यांत सुरक्षित आणि शहराला सोयीची तीच होती.

* * *

१९०० साली अमेरिकेत एकूण ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. शर्यत तिघांची होती आणि पेट्रोल शेवटी होतं.

वाफेची गाडी ताकदवान, पण बॉयलर तापून वाफ धरेपर्यंत ताटकळायचं, वारंवार पाणी भरायचं आणि बुडाखाली पेटती भट्टी घेऊन फिरायचं. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभं राहून लोखंडी हँडल जोर लावून फिरवावं लागे. इंजिन उलटं उसळलं की ते हँडल मनगटावर बसे. हात मोडणं ही नेहमीची गोष्ट होती. शिवाय धूर, वास, धडधड आणि गिअर टाकतानाचा कर्कश आवाज. विजेच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. आत बसायचं, दांडी पुढे सरकवायची, गाडी निघाली.

ती रांगणारी गाडी होती असंही नाही. २९ एप्रिल १८९९ रोजी कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थानं पॅरिसजवळच्या अशेर इथे बंदुकीच्या गोळीच्या आकाराची एक गाडी ताशी १०५.८८ किलोमीटर वेगानं पळवली. ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी माणसाची ती पहिली मोटार, आणि ती विजेची होती. गाडीचं नाव 'ला जामे कोंतांत', म्हणजे कधीही समाधान न पावणारी.

पण वेग आणि रोजचं काम यांत फरक असतो. १८९७ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये वॉल्टर बर्सीच्या विजेच्या टॅक्सी सुरू झाल्या. त्यांच्या गुणगुणत्या आवाजामुळे आणि काळ्या-पिवळ्या रंगामुळे लोकांनी त्यांना 'हमिंगबर्ड' हे नाव दिलं. घोडे थकतात, लीद टाकतात, घसरून पडतात. ही गाडी यातलं काही करत नाही, म्हणून कौतुक झालं. तक्रारीही लगेच आल्या. गाडी भलतीच जड. भरीव रबराचे टायर तिच्या वजनानं झिजत. आणि गाडी इतकी गुपचूप येई की पायी चालणाऱ्याला पत्ता लागू नये. ही शेवटची तक्रार आजही ऐकू येते, म्हणूनच आता विजेच्या गाड्यांना कमी वेगात मुद्दाम आवाज करायला लावतात. १८९९ मध्ये बर्सीची सेवा बंद पडली.

गाडी हरली ती बॅटरीपाशी. शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये बनवली. १८८१ मध्ये कामिय फोर यानं शिशाच्या पट्टीवर शिशाच्या संयुगांचा लेप थापायची युक्ती काढली आणि तिची साठवणक्षमता एकदम वाढली. प्रयोगशाळेच्या टेबलावर हा लेप नीट बसे. दगडी रस्त्यावर, भरीव टायरांच्या गाडीत हादरे बसले की तो सुटून तळाशी गाळ होऊन साचे, आणि बॅटरीचा जीव कमी कमी होत जाई. आम्ल हिंदकळे. चार्ज करताना हायड्रोजन बाहेर पडे, आणि कोंडलेल्या खोलीत साठला तर तो स्फोटक. म्हणजे धोका नव्हताच असं नाही. पण तो जाणकार माणसाच्या हाताखाली आवरता येण्यासारखा होता.

* * *

न्यूयॉर्कमध्ये जेकब जर्मन ज्या कंपनीची टॅक्सी चालवत होता, ती इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनी. तिचं डोकं काळाच्या बरंच पुढे होतं. ती प्रामुख्यानं गाड्या विकत नव्हती, भाड्यानं फिरवत होती. ब्रॉडवेवरच्या एका जुन्या स्केटिंगच्या इमारतीत तिचं केंद्र होतं. संपलेली बॅटरी घेऊन टॅक्सी आत येई, यंत्राच्या मदतीनं पाचशे किलोंहून जड बॅटरी ओढून काढली जाई आणि भरलेली आत सरकवली जाई. काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. आज रिक्षा-स्कूटरसाठी बॅटरी बदलायची केंद्रं निघताहेत, त्यांची ही पणजी.

डेव्हिड कर्श यांनी २००० साली या काळावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला या कंपनीबद्दलचा विचार मला पटतो. बॅटरीची निगा राखणं हे सामान्य गाडीमालकाच्या आवाक्यातलं काम नव्हतं, तर कंपनीच्या कारखान्यातल्या माणसांचं होतं. म्हणून गाडी विकण्याऐवजी प्रवास विकणं हा चुकीचा मार्ग नव्हता. पण शेअर बाजारातल्या बड्या धेंडांनी कंपनी हातात घेतली आणि एका शहरात जे जेमतेम जमत होतं ते अनेक शहरांत एकदम पसरवायला काढलं. जितक्या गाड्या झाल्या तितकी निगा राखणारी माणसं तयार झाली नाहीत. बॅटऱ्या मरू लागल्या, नावाला बट्टा लागला, आणि १९०७ मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की विजेची टॅक्सी चालत नाही.

छोट्या प्रमाणावर नीट केलेला हाच प्रयोग चाललाही होता. हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीनं १९१० पासून मालवाहू गाड्यांसाठी बॅटरी बदलायची सेवा दिली. गाडी बॅटरीशिवाय विकत घ्यायची आणि जितके मैल चालवाल तितके पैसे वीज कंपनीला द्यायचे. ही सेवा १९२४ पर्यंत टिकली आणि तिच्या गाड्या मिळून साठ लाख मैलांहून जास्त धावल्या. ब्रिटनमध्ये तर दूधवाल्यांच्या विजेच्या गाड्या विसाव्या शतकात अनेक दशकं पहाटे गल्लोगल्ली फिरत राहिल्या. थांबत थांबत जायचं, ठरलेला रस्ता, रात्री एका जागी उभं राहायचं. या कामाला त्यांच्याइतकी सोयीची गाडी नव्हती.

* * *

मग ती हरली कशी? मला तीन कारणं दिसतात, आणि तिन्हींत गाडीच्या आतल्यापेक्षा बाहेरचा भाग मोठा आहे.

पहिलं कारण म्हणजे मोटार कशासाठी हवी, हा प्रश्नच बदलला. शहरातल्या शहरात फिरायला विजेची गाडी पुरेशी होती. १९१० च्या आसपास डेट्रॉइट इलेक्ट्रिकची गाडी एका चार्जिंगमध्ये ऐंशी मैल जाते अशी जाहिरात होई. पण लोकांना मोटार हवी होती ती रविवारी शहराबाहेर पडायला. बाहेर वीज कुठे होती? अमेरिकेतल्या शेतघरांपैकी जेमतेम दहा टक्के घरांत १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वीज पोचली होती. जिथे होती तिथेही कुठे एकदिश तर कुठे प्रत्यावर्ती, आणि बॅटरीला एकदिशच लागते. पेट्रोल मात्र कपड्यांवरचे डाग काढायचं द्रव्य म्हणून गावच्या दुकानात डब्यातून आधीपासून मिळत होतं. १९०१ च्या जानेवारीत टेक्सासमध्ये स्पिंडलटॉपला तेलाचा फवारा उडाला आणि तेलाला तोटा उरला नाही.

दुसरं कारण पैसा. १९१२ च्या सुमाराला विजेची दोन आसनी गाडी १,७५० डॉलरला पडे, आणि पेट्रोलची ६५० ला. पुढच्याच वर्षी फोर्डच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाड्या जुळवायला सुरुवात झाली आणि किमती आणखी उतरत गेल्या. गंमत अशी, की हेन्री फोर्डची पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत असे. फोर्ड आणि एडिसन यांनी १९१४ मध्ये मिळून स्वस्त विजेची गाडी काढायचं जाहीरही केलं होतं. एडिसननं लोखंड-निकेलच्या बॅटरीवर आयुष्यातली कित्येक वर्षं घातली. ती गाडी बाजारात आली नाही.

तिसरं कारण म्हणजे गाडीवर बसलेला शिक्का. हँडल मारायला नको, हात काळे होत नाहीत, धूर नाही, म्हणून विजेची गाडी 'बायकांची गाडी' ठरली. उत्पादकांनी आत फुलदाण्या लावून आणि जाहिरातीत टोपीवाल्या स्त्रिया दाखवून हा शिक्का आणखी पक्का केला. जे सुरक्षित आणि सोपं, ते पुरुषाला कमीपणाचं. हे मला चांगलं कळतं. ऐंशीच्या दशकात आमच्या घरी बहिणीसाठी बिनगिअरची, बटण दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा आली. मी ती चालवायचो, पण कॉलेजच्या आधीच्या वळणावर उभी करून उरलेलं अंतर चालत जायचो. आज आमच्या तळघरातल्या पुरुषांच्या स्कूटर बघाव्यात. बहुतेक बिनगिअरच्या, बटण दाबून सुरू होणाऱ्या.

तिकडेही हेच झालं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगनं बसवलेला विजेचा सेल्फ-स्टार्टर आला. एक छोटी मोटर आणि शिशाची बॅटरी. हँडल गेलं, मोडणारे हात वाचले. विजेच्या गाडीचा सगळ्यांत मोठा गुण पेट्रोलच्या गाडीनं तिच्याच बॅटरीसकट आपल्या पोटात घातला. एरवी कमीपणाची असलेली सोय तिथे गेल्याबरोबर प्रगती ठरली.

* * *

पेट्रोलची गाडी जिंकली तेव्हा ती सुरक्षित नव्हती. १९२० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेच्या रस्त्यांवर वर्षाला वीस हजारांहून जास्त माणसं मरत होती. त्या वेळी व्यापारमंत्री असलेल्या हर्बर्ट हूवरना डिसेंबर १९२४ मध्ये रस्ते-सुरक्षेवर राष्ट्रीय परिषद बोलवावी लागली. परवाने, विमा, रंगीत दिवे, न फुटणारी काच, पेट्रोल साठवायचे नियम, अग्निशमन दलाचं प्रशिक्षण, हे सगळं नंतर आलं. आधी गाडी स्वीकारली गेली, मग तिच्याभोवती सुरक्षितता बांधली गेली.

यातही दिसणाऱ्या धोक्यांचाच हिशोब झाला. सेल्फ-स्टार्टरवाल्या केटरिंगच्याच हाताखाली काम करणाऱ्या टॉमस मिजली यानं १९२१ मध्ये शोधलं, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग घातलं तर इंजिन ठोके मारत नाही. १९२३ मध्ये असं पेट्रोल विकायला आलं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. काही काळ विक्री थांबली आणि पुन्हा सुरू झाली. विजेच्या गाडीतलं शिसं निदान डब्यात बंद होतं. हे शिसं नळीतून बाहेर पडून जगभरच्या लहान मुलांच्या रक्तात गेलं. भारतात ते पेट्रोलमधून पूर्णपणे हटायला २००० साल उजाडावं लागलं, आणि शेवटच्या देशाला, अल्जीरियाला, २०२१. या मृत्यूंना ब्लिससारखा रस्त्याचा कोपरा नाही, तारीख नाही. म्हणून ते वादात कधी मोजले गेले नाहीत.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं, तेही पाहण्यासारखं आहे. मुंबईत ७ मे १९०७ ला विजेची ट्राम सुरू झाली आणि १९६४ पर्यंत चालली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. १९३० मध्ये डेक्कन क्वीन आली ती विजेच्या इंजिनावर, बोरघाट चढत. घाटात चार्जिंग संपलं तर काय, असं तिला कुणी विचारलं नाही, कारण गाडीबरोबर तारही आली होती. वीज वाहतुकीला अव्यवहार्य कधीच नव्हती. जिथे समाजानं तिच्याबरोबर तिची व्यवस्था उभी केली तिथे ती बिनतक्रार चालली. जिथे एकेकट्या मालकावर सोडून दिली तिथे पडली.

* * *

आता आमच्या तळघराकडे परत येतो. "पेट घेतला तर?" हा प्रश्न वेडगळ नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यातच रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरनं पेट घेतला आणि ती चित्रफीत देशभर फिरली. लिथियमच्या बॅटरीत एक सेल प्रमाणाबाहेर तापला की शेजारचा तापतो आणि साखळी सुरू होते. अशी आग विझवायला पाणी फार लागतं आणि विझल्यावरही ती पुन्हा उसळू शकते. स्वीडनमधली आकडेवारी सांगते की विजेच्या गाड्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांपेक्षा कमी वेळा पेटतात. पण जी पेटते ती वेगळ्या रीतीनं हाताळावी लागते, हेही तितकंच खरं. २०२२ च्या त्या उन्हाळ्यानंतर केंद्र सरकारनं बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि ते त्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्यानं लागू झाले. म्हणजे व्यवस्था उशिरा का होईना उभी राहते आहे. आपली बरीचशी वीज अजून चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातून येते, हेही मला विसरायचं नाही. धूर आमच्या दारातून उठून त्यांच्या दारात गेला, एवढ्यावर टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही.

पण त्या सभेत आम्ही जे केलं ते १९०७ च्या लोकांनी केलं तेच होतं. "ही गाडी सुरक्षित आहे का?" असं विचारून आम्ही उत्तराची जबाबदारी गाडीवर टाकली आणि चहा प्यायला उठलो. विचारायला हवं होतं ते असं: तळघरातली वायरिंग किती भार सोसेल? चार्जरला स्वतंत्र मीटर आणि अर्थिंग आहे का? धूर बाहेर जायला वाट आहे का? चार्जरची जागा उताराजवळ, बाहेरच्या बाजूला देता येईल का? कोपऱ्यातल्या त्या लाल सिलिंडरची मुदत कधी संपली? यातला शेवटचा प्रश्न तर पेट्रोलच्या चाळीस गाड्यांसाठीही आजवर विचारायला हवा होता. मी परवा खाली जाऊन पाहून आलो. मुदत संपून तीन वर्षं झाली आहेत.

दुसऱ्या मजल्यावरची गाडी दिवाळीत आली. तूर्तास ती रोज संध्याकाळी दीड किलोमीटरवरच्या एका सार्वजनिक केंद्रावर चार्जिंगसाठी रांगेत उभी राहते. येत्या सभेत तहकूब ठराव पुन्हा येईल. त्याच्या आधी वायरिंग तपासून घ्यायला मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं आहे, आणि नवे सिलिंडर मागवायचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पहिला घातला आहे. या वेळी माझा हात कशासाठी वर जाईल ते इलेक्ट्रिशियन काय सांगतो त्यावर ठरेल. कोल्हापूरचा विषय निघाला, तर मात्र मी डेक्कन क्वीनची गोष्ट सांगणार आहे.